शेजारच्या हिस्पॅनिक व्यावसायिकांना साथ द्यायचीय? चेंबरमधून सुरुवात अशी करा

सेंट्रल जर्सीतल्या बहुतेक मराठी घरांच्या फडताळात चवळीचा नाहीतर काबुली चण्याचा गोयाचा डबा सापडतो. ही कंपनी स्पेनहून पोर्तो रिकोमार्गे आलेल्या एका जोडप्यानं 1936 साली मॅनहॅटनमध्ये काढली. आज तिचं मुख्यालय जर्सी सिटीत आहे. गोयाला आपल्या मदतीची काही गरज नाही. पण आपलं लॉन कापणारा, गळकं छप्पर दुरुस्त करून देणारा, घर बदलताना ट्रक घेऊन येणारा आणि गणेशोत्सव संपल्यावर हॉल लख्ख करून देणारी कंपनी चालवणारी बाई, यांतले बरेच जण हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुलखांत मूळ असलेले, मालक असतात. त्यांच्याशी आपला व्यवहार होतो, ओळख मात्र होत नाही. अमेरिकेत नव्यानं आलेल्या आणि या शेजाऱ्यांसाठी काही करावंसं वाटणाऱ्या मराठी माणसांसाठी हे टिपण आहे. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सीची आहेत, पण टेक्सास, इलिनॉय किंवा कॅलिफोर्नियात असाल तरी पायऱ्या त्याच.

आधी चेंबर म्हणजे काय ते समजून घ्या

चेंबर ऑफ कॉमर्स हे सरकारी खातं नाही. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली ती संघटना असते. पुणेकरांना 1934 पासूनचं मराठा चेंबर माहीत असतं, त्याच जातकुळीची ही गोष्ट. हिस्पॅनिक चेंबर त्याहून एक पाऊल पुढे जातं. ज्या समाजाला बँका, सरकारी कंत्राटं आणि मोठ्या कंपन्यांची खरेदी खाती सहज दार उघडत नाहीत, त्या समाजातले व्यावसायिक त्यात एकत्र येतात. याचं जवळचं मराठी उदाहरण म्हणजे 2005 साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून 4 टक्के खरेदीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. असली मागणी एकट्यादुकट्या दुकानदाराला रेटता येत नाही.

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक चेंबरांचा इतिहास जुना आहे. सॅन अँटोनियोचं चेंबर 1929 सालचं. अल्बुकर्कीचं 1975 चं. यांना देशपातळीवर जोडणारं युनायटेड स्टेट्स हिस्पॅनिक चेंबर 1979 साली न्यू मेक्सिकोत स्थापन झालं आणि आता वॉशिंग्टनमधून चालतं. त्याच्या जाळ्यात दोनशेहून जास्त स्थानिक चेंबर आणि संघटना आहेत. न्यू जर्सीत राज्यभरासाठी स्टेटवाइड हिस्पॅनिक चेंबर आहे, शिवाय शहरांच्या आणि काउंट्यांच्या छोट्या संघटना वेगळ्या.

एक कायदेशीर बारकावा सुरुवातीलाच लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. चेंबर सहसा आयकर कायद्याच्या 501 सी 6 या कलमाखाली नोंदलेलं असतं. त्यामुळे त्याला कायदे बदलण्यासाठी मोकळेपणानं लॉबिंग करता येतं, पण त्याला दिलेली रक्कम धर्मादाय देणगी म्हणून करातून वजा होत नाही. वर्गणी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, मात्र तिचा जो भाग लॉबिंगसाठी वापरला जातो तो वगळून. अनेक चेंबरांचं जोडीला एक 501 सी 3, म्हणजे धर्मादाय, फाउंडेशन असतं. शिष्यवृत्त्या, प्रशिक्षणवर्ग त्यातून चालतात. देणगी द्यायची असेल तर तिथे द्या. ती कुठल्या खात्यात चाललीय हे विचारायला लाजू नका.

पहिली पायरी: साथ कोणाला देताय ते ओळखा

2020 च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या 6 कोटी 21 लाख होती, म्हणजे देशाच्या 18.7 टक्के. पगारी माणसं ठेवणारे हिस्पॅनिक मालकीचे धंदे 2022 साली साधारण 4 लाख 65 हजार होते, म्हणजे अशा सगळ्या धंद्यांच्या 8 टक्क्यांच्या आसपास. या दोन आकड्यांमधली दरी हेच चेंबरच्या कामाचं कारण. त्याखेरीज लाखो धंदे असे आहेत की जिथे मालक तोच कामगार, तोच कारकून आणि तोच ड्रायव्हर.

हा समाज एकजिनसी नाही. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून जन्मानं अमेरिकन नागरिक आहेत. त्यांना 'तुम्ही या देशात कधी आलात?' असं विचारणं म्हणजे नागपूरकराला भारतात कधी आलास असं विचारणं. न्यू मेक्सिको आणि टेक्सासमधली काही घराणी तर तो मुलूख अमेरिकेचा होण्याआधीपासून तिथे आहेत. न्यू जर्सीतच पाहा. युनियन सिटीत क्यूबन लोकांनी बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यू उभी केली, पॅटरसनमध्ये पेरूची इतकी माणसं की पेरूचा वाणिज्य दूतावास तिथे आहे, पर्थ अँबॉयमध्ये पोर्तो रिकन आणि डॉमिनिकन, आणि एडिसनपासून हाकेच्या अंतरावर न्यू ब्रन्सविकच्या फ्रेंच स्ट्रीटवर मेक्सिकोच्या ओआहाका भागातून आलेल्यांची दुकानं. सगळ्यांना 5 मेला सिंको दे मायोच्या शुभेच्छा देऊ नका. तो दिवस 1862 च्या पुएब्लाच्या लढाईचा, मेक्सिकोचा, स्वातंत्र्यदिनसुद्धा नव्हे. डॉमिनिकन बेकरीवाल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आणि एक नियम पक्का: कोणाच्याही इमिग्रेशनच्या कागदांची चौकशी करायची नाही. मालकाची नाही, कामगारांची नाही, गंमतीतही नाही. आपण एकमेकांना पहिल्या भेटीत 'ग्रीन कार्ड झालं का?' असं सर्रास विचारतो. ती सवय इथे दाराबाहेर ठेवा.

दुसरी पायरी: संघटना निवडा, आणि तिची थोडी चौकशी करा

राज्यपातळीच्या चेंबरमध्ये बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं, वीज कंपन्या भेटतात. मोठी कंत्राटं आणि विधिमंडळाशी बोलणी तिथे होतात. शहरातल्या छोट्या संघटनेत पानादेरियावाले (बेकरीवाले), सलून चालवणाऱ्या बायका, टायरवाले भेटतात. पार्किंग, कचरा, पाट्यांचे नियम हे विषय तिथले. नवख्यानं शहरातल्या संघटनेपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. मोठ्या हॉटेलातल्या जेवणावळीत तुम्ही गर्दीतला एक सूट असता. वीस खुर्च्यांच्या बैठकीत तुम्हाला लगेच काम मिळतं.

वर्गणी भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. संघटनेचं फॉर्म 990 हे वार्षिक विवरण सार्वजनिक असतं. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते त्यात दिसतं. सगळं उत्पन्न एका वार्षिक सोहळ्यातून येत असेल आणि सगळा खर्चही त्याच सोहळ्यावर होत असेल, तर ते चेंबर कमी आणि पार्टी जास्त आहे. दुसरं, गेल्या वर्षी त्यांनी पालिकेकडे किंवा राज्याकडे नेमकं काय मागितलं ते विचारा. तिसरं, एका बैठकीला जाऊन माईक कोणाच्या हातात आहे ते बघा. प्रायोजक बँकेचा अधिकारी अर्धा तास बोलतो आणि बोदेगावाल्याला (कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला) दोन मिनिटं मिळतात, असं असेल तर काय समजायचं ते समजा.

सभासद होण्यासाठी तुम्ही हिस्पॅनिक असावं अशी अट सहसा नसते. धंदा असेल तर धंद्याच्या नावानं, नसेल तर वैयक्तिक किंवा सहयोगी सभासद म्हणून नाव घालता येतं. छोट्या धंद्याची वर्षाची वर्गणी बहुधा काही शे डॉलरांत असते. पैसे द्यायचे नसतील तर एखाद्या समितीत स्वयंसेवक व्हा. कार्यक्रमाच्या टेबलावर नावं नोंदवून घ्यायलासुद्धा माणूस कमी पडतो.

व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. एच-1बी वर असताना खऱ्या अर्थानं विनामोबदला स्वयंसेवा चालते, म्हणजे जे काम एरवीही कोणी पगार न घेता करतं ते. चेंबरच्या कचेरीत पगारी माणसाच्या जागी फुकट राबणं त्यात बसत नाही. वर्क परमिट नसलेल्या एच-4 वाल्यांनाही तेच लागू. निवडणुकीचे नियम तर फारच कडक. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या माणसाला कुठल्याही उमेदवाराला किंवा पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटीला पैसे देता येत नाहीत, केंद्र, राज्य, गाव कुठल्याही पातळीवर. चेंबरच्या कार्यक्रमात उमेदवारासाठी डबा फिरला तर हात जोडून पुढे सरका. मात्र नगरपरिषदेत उभं राहून बोलायला, आमदाराला पत्र लिहायला कुठलाही व्हिसा आड येत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या दोन-तीन बैठकांत काही विकू नका

आपल्याकडच्या लोकांचा घोटाळा इथे होतो. पहिल्याच भेटीत आयटी सर्व्हिसेसचं कार्ड, दुसऱ्या भेटीत वेबसाइटचं कोटेशन. समोरचा नम्रपणे हसतो आणि पुन्हा दिसत नाही. सुरुवातीला फक्त ऐका. कोणाचं भाडं वाढलंय, कोणाला खाद्यपरवाना अडलाय, कोणाच्या दुकानासमोरचा रस्ता किती महिने खणून ठेवलाय.

स्पॅनिश येत नसेल तर अडत नाही; बैठका बऱ्याचदा दोन्ही भाषांत चालतात. तरी चार वाक्यं शिकून जा. वयस्कर मालकांना नुसत्या नावानं हाक मारू नका. 'दोन' (Don) आणि 'दोन्या' (Doña) हे आदराचे स्पॅनिश शब्द नावाआधी लावतात, आपल्या राव-ताईंसारखे. सहभाषक भेटला की आपण त्याच्याशी मराठीतच सुरू होतो ना, तसं इथे करू नका. दोघं मराठी गेलात तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

चौथी पायरी: आपला पैसा कुठे जातो ते बघा

आठवड्यातून एकदा टाको खाणं म्हणजे साथ नव्हे, ते जेवण. धंद्याला हवं असतं ठरावीक काम आणि वेळेवर बिल. आपल्या महाराष्ट्र मंडळांचा खर्च आठवा: गणपती, दिवाळी, नाटकांचे दौरे. तंबू, खुर्च्या, जनरेटर, टी-शर्टची छपाई, बस, सफाई, सुरक्षा. यातलं किती काम वर्षानुवर्षं त्याच एका ओळखीच्या माणसाला फोन करून दिलं जातं? पुढच्या वेळी चेंबरच्या सभासद यादीतून दोन कोटेशनं जास्तीची मागवा, एवढंच.

कोटेशन मागवलंत की पहिली अडचण येईल ती विम्याच्या दाखल्याची. शाळेचा हॉल किंवा बँक्वेट हॉल भाड्यानं घेताना तिथलं व्यवस्थापन प्रत्येक पुरवठादाराकडून सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स मागतं. दहा लाख डॉलरांचं जनरल लायबिलिटी कव्हर, त्यावर हॉलमालकाचं आणि मंडळाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. छोट्या कंत्राटदाराचा विमा असतो, पण हा कागद कसा मागायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याचा एजंट तो बहुतेक वेळा एका ईमेलवर देतो. हे काम हातातून जाण्याचं मोठं कारण आहे, आणि ते दहा मिनिटांत सुटतं. चेंबरमध्ये यावर एक संध्याकाळ ठेवा असं सुचवा. विमा एजंट सभासद असतातच, तेही खूश. सोबत डब्ल्यू-9 हा पुरवठादाराच्या कर क्रमांकाचा फॉर्म भरून तयार ठेवायला सांगा, म्हणजे मंडळाच्या खजिनदाराला मागे लागावं लागत नाही.

मग बिल. आपल्याकडे 'कार्यक्रम झाला की बघू' म्हणायची पद्धत आहे. सफाईची चार माणसं आणणाऱ्या मालकाला त्यांचा पगार शुक्रवारी द्यावा लागतो. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली आठवड्याच्या आत. दर पाडून घेण्यात जेवढं कौशल्य दाखवता, तेवढं चेक लिहिण्यात दाखवा.

तुम्ही मोठ्या कंपनीत असाल तर तुमच्या हातात याहून जास्त आहे. खरेदी खात्याचा व्हेंडर होण्यासाठी काय लागतं ते शोधून चेंबरला सांगा. साठ किंवा नव्वद दिवसांनी पैसे देण्याच्या अटी छोट्या पुरवठादाराला मारतात. पंधरा-तीस दिवसांची वेगळी अट मिळते का ते विचारा. थेट कंत्राट फार मोठं असेल तर मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली उपपुरवठादार म्हणून शिरता येतं. नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल ही 1972 पासूनची संस्था 51 टक्के मालकी आणि रोजचा कारभार तपासून प्रमाणपत्र देते. भारतीय वंशाचे मालकही तिच्या व्याख्येत येतात, म्हणजे तुमचा स्वतःचा धंदा असेल तर तुम्हीही याच रांगेत आहात. राज्याच्या प्रमाणपत्रासाठी न्यू जर्सीत महसूल विभागाकडे अर्ज करायचा.

इथे सावध राहायला हवं. 1866 च्या नागरी हक्क कायद्याचं एक कलम करारांमध्ये वंशावरून भेद करायला मनाई करतं. त्याच कलमावर बोट ठेवून कृष्णवर्णीय महिलांच्या धंद्यांना अनुदान देणाऱ्या अटलांटातल्या फिअरलेस फंडाविरुद्ध दावा झाला, 2024 मध्ये अपील कोर्टानं फंडाच्या विरोधात कौल दिला आणि ते अनुदान बंद पडलं. सरकारी योजनांचंही तेच. छोट्या वंचित धंद्यांना केंद्राची कंत्राटं मिळवून देणाऱ्या 8 ए या कार्यक्रमात ठरावीक समाजांना आपोआप 'वंचित' धरण्याची तरतूद टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयानं 2023 च्या जुलैत मोडून काढली. म्हणून 'फक्त हिस्पॅनिक कंपन्यांनी अर्ज करावा' असं कधी लिहू नका. निमंत्रणाची यादी रुंद करा, माहिती सगळ्यांपर्यंत पोचवा, निवड कामावर होऊ द्या. कंपनीच्या नावानं काही ठरवायचं असेल तर तिच्या वकिलाला विचारूनच.

पाचवी पायरी: आपलं कसब द्या, पण हद्द ओळखून

मराठी माणसांकडे या देशात जे भरपूर आहे ते म्हणजे हिशेब, संगणक आणि फॉर्म भरण्याची चिकाटी. आणि नेमकी तिथेच छोट्या मालकाची गाडी अडते. यामुळे काय होतं ते 2020 साली दिसलं.

कोविडमध्ये केंद्र सरकारनं पगार टिकवण्यासाठी पीपीपी नावाची कर्जयोजना काढली. नियम पाळले तर कर्ज माफ. अर्ज 3 एप्रिलला सुरू झाले, पण एकट्यानं धंदा करणाऱ्यांना 10 एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलं. 349 अब्ज डॉलरांची पहिली थैली 16 एप्रिलला रिकामी झाली. बँकांनी आधी आपल्या जुन्या कर्जदार गिऱ्हाइकांचे अर्ज घेतले. ज्याचं धंद्याचं वेगळं खातंच नव्हतं, सगळं घरखात्यातून चाललं होतं, तो रांगेत कुठेच नव्हता. शिवाय एकट्या मालकाचं कर्ज त्याच्या निव्वळ नफ्यावरून ठरायचं. करपत्रावर नफा शून्य दाखवला असेल तर कर्जही शून्य. सोशल सिक्युरिटी नंबराऐवजी आयटीआयएन क्रमांकावर प्रामाणिकपणे कर भरणाऱ्यांना तर अर्ज करता येतो की नाही यावरच गोंधळ.

व्यापारी संघटना, छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या ना-नफा संस्था आणि त्यांचे खासदार हे मुद्दे लावून धरत राहिले. 2021 च्या फेब्रुवारीत नियम बदलले: वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांसाठी 24 फेब्रुवारीपासून दोन आठवड्यांची राखीव मुदत, एकट्या मालकांसाठी निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्नाचा हिशेब, आणि आयटीआयएनवाल्यांना अर्ज करता येईल असा स्पष्ट खुलासा. ज्यांनी आधीच तुटपुंजं कर्ज घेतलं होतं, त्यांना मात्र नव्या हिशेबाचा फायदा मागाहून मिळाला नाही. धंद्यांची बाजू मांडणारी वकिली उशिरा पोचली की असं होतं.

तेव्हा तुमच्या मदतीची यादी काय असावी? धंद्याचं वेगळं बँक खातं. ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर-ओळख क्रमांक. विक्रीकराचं विवरण वेळेवर, न्यू जर्सीत दर 6.625 टक्के. महिन्याच्या महिन्याला नीट लिहिलेला जमाखर्च, कारण कर्ज मागताना बँक आधी तोच बघते. गूगल नकाशावर बरोबर वेळा आणि फोन नंबर. यात भपका काही नाही. एका पानादेरियाच्या मालकिणीला गोंडस अ‍ॅपपेक्षा तीन महिन्यांचा जुळलेला हिशेब जास्त उपयोगी.

तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर योग्य दार दाखवा. 1964 पासून चालत आलेली स्कोर ही संस्था अनुभवी व्यावसायिकांचा सल्ला फुकट देते. स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटरं विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना जोडलेली असतात, तिथेही सल्ल्याला पैसे पडत नाहीत. बँक नाही म्हणाली तर सीडीएफआय प्रकारच्या संस्था छोटी कर्जं देतात. एसबीए या छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्रीय सरकारी खात्याच्या मायक्रोलोनची कमाल मर्यादा 50,000 डॉलर आहे. मात्र एसबीएच्या कर्जांसाठी मालकाच्या नागरिकत्वाचे नियम 2025 पासून कडक होत गेलेत, म्हणून कोणालाही 'मिळेल हो' असं सांगण्याआधी त्या दिवशीचा नियम तपासा.

इमिग्रेशनचे फॉर्म भरून देणं, भाडेकरारावर सल्ला देणं हे मात्र करू नका. आपल्या स्वतःच्या एच-1बी च्या अनुभवावर आपण अर्धे वकील झालोत असं आपल्याला वाटतं. कायद्याच्या नजरेत ती विनापरवाना वकिली ठरू शकते. चेंबर यासाठी वकील बोलावून सत्रं घेतं, विशेषतः 2025 मध्ये धरपकड वाढल्यापासून. आय-9, म्हणजे कामगाराला काम करण्याची परवानगी असल्याच्या फॉर्मची तपासणी आली तर मालकानं काय दाखवायचं, दुकानाच्या कोणत्या भागात अधिकारी वॉरंटशिवाय येऊ शकतात, हे तिथे नीट समजावतात. तुम्ही खुर्च्या लावा, जेवण मागवा, अर्थात सभासदाकडून, आणि उपस्थितांची यादी कुठे तिसरीकडे फिरणार नाही याची काळजी घ्या.

सहावी पायरी: नगरपरिषदेत उभं राहणं

लोक ज्याला समाजाची वकिली म्हणतात ती प्रत्यक्षात बहुतेक वेळा मंगळवारी नाहीतर बुधवारी रात्री एका थंडगार सभागृहात बसण्याची तयारी असते. न्यू जर्सीच्या 1975 च्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार नेहमीच्या बैठकीची सूचना किमान 48 तास आधी द्यावी लागते आणि नगरपरिषदेला लोकांच्या बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. विषयपत्रिका पालिकेच्या संकेतस्थळावर येते. ती दर वेळी वाचून त्यातला धंद्याशी संबंधित मजकूर चेंबरच्या ग्रुपवर दोन भाषांत टाकणारा एक माणूस असला, तर निम्मं काम झालं. तो माणूस तुम्ही होऊ शकता.

बोलायला तीनेक मिनिटं मिळतात. समजा पाट्यांचा नवा ऑर्डिनन्स, म्हणजे पालिकेचा नियम, येतोय आणि त्यात काचेवर किती लिहायचं यावर बंधन आहे. 'हा समाजावर अन्याय आहे' असं भाषण ठोकू नका. बोलणारा दुकानदार असावा, तुम्ही नव्हे. त्यानं आपलं नाव, दुकान, किती वर्षं, किती माणसं कामाला, ही पाटी बदलायला किती डॉलरांचं कोटेशन आलंय, आणि त्याला काय हवंय ते सांगावं: दंड सुरू होण्याआधी एक वर्षाची मुदत, किंवा जुन्या पाट्यांना सूट. एक मागणी, एक आकडा. तुम्ही भाषांतर करा, कागदाची प्रत परिषदेच्या क्लार्ककडे द्या, आणि दुसऱ्या दिवशी सदस्यांना आभाराचा ईमेल पाठवा. पाच दुकानदार पाच वेगवेगळ्या तपशिलांसह बोलले तर परिणाम होतो. पन्नास जणांनी सही केलेलं एकच छापील पत्र बहुधा फायलीत जातं.

कागद जपायची सवय सभासदांना लावा. 1989 च्या क्रोसन निकालानं सर्वोच्च न्यायालयानं ठरवून टाकलं की एखाद्या शहराला कंत्राटांत वांशिक उद्दिष्टं ठेवायची असतील तर त्याच शहरातल्या भेदभावाचा ठोस पुरावा लागेल. तेव्हापासून पालिका आणि राज्यं कंत्राटांतल्या तफावतीचे अभ्यास करवून घेतात, आणि त्या अभ्यासकांना हवी असते नाकारलेल्या निविदांची पत्रं, तारखा, रकमा. 'आम्हाला कधी काम मिळत नाही' हे वाक्य तिथे चालत नाही. ज्या चेंबरकडे अशी दहा वर्षांची फाईल आहे त्याचं ऐकावं लागतं.

राज्यपातळीवर न्यू जर्सीचे 40 मतदारसंघ आहेत. प्रत्येकात एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. अधिवेशनाच्या धामधुमीत राजधानीत, ट्रेंटनला, जाण्यापेक्षा त्यांच्या गावातल्या कचेरीत तीन सभासदांसह भेट घ्या. 2020 च्या सप्टेंबरमध्ये या राज्यात एक कायदा झाला, त्यानं व्यावसायिक परवाने देताना इमिग्रेशनचा दर्जा पाहण्याची अट काढली. केस कापणाऱ्यापासून नर्सपर्यंत कितीतरी लोकांना त्यामुळे परवान्याचा रस्ता मोकळा झाला. हा कायदा अनेक सभासदांना अजूनही माहीत नसतो. नवा कायदा आणण्याइतकंच झालेला कायदा दारोदार पोचवणं हे चेंबरचं काम आहे.

आणि काम किती लांबतं याचा अंदाज यावा म्हणून लॉस एंजलिसकडे बघा. तिथल्या पदपथावरच्या विक्रेत्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे दशकभर रेटा लावला. 2018 मध्ये एसबी 946 हा राज्याचा कायदा आला आणि पदपथावर विकणं हा गुन्हा राहिला नाही. तरी तमालेवाल्या बाईला परवाना मिळेना, कारण आरोग्य खात्याच्या नियमांत बसणारी गाडी, तिच्यातली सिंकं, हे सगळं तिच्या आवाक्याबाहेरचं आणि पदपथावर न मावणारं होतं. मग ते नियम बदलायला 2022 मध्ये एसबी 972 आणावा लागला. पहिला कायदा झाला त्या दिवशी ढोल वाजवून घरी गेलेल्यांच्या हे लक्षातही आलं नसेल. चेंबरच्या समितीत असाल तर ठराव मंजूर झाल्यावरही तिथला परवाना खिडकीवर मिळतोय का, हे कोणीतरी स्वतः जाऊन बघेल अशी व्यवस्था ठेवा.

सप्टेंबरचा मोह

15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना. 1968 साली आठवडा म्हणून सुरू झाला, 1988 साली महिना झाला; मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन 15 सप्टेंबर आणि मेक्सिकोचा 16, म्हणून ही तारीख. या महिन्यात कंपन्या जाग्या होतात, केटरिंगच्या ऑर्डरींचा पूर येतो आणि नोव्हेंबरात ओसरतो. तुम्हाला कंपनीकडून काही करवून घ्यायचं असेल तर बजेट ठरतं त्या वेळी, म्हणजे बहुतेक ठिकाणी आदल्या वर्षाच्या शेवटी, वर्षभराची कंत्राटं मागा. सप्टेंबरात मागितलं तर एम्पानाडांचं जेवण आणि एक फलक मिळेल. जानेवारी-फेब्रुवारीत, हॉटेलं ओस असताना, मंडळाची समितीची बैठक पर्थ अँबॉयच्या एखाद्या रेस्तराँत घेतलीत तर मालक तुम्हाला लक्षात ठेवेल.

वर्ष संपताना

नूतनीकरणाचं पत्र आलं की बसून पाहा. या वर्षात तुम्ही किती सभासदांना काम दिलं किंवा मिळवून दिलं, कोणाचा कोणता कागद मार्गी लागला, चेंबरनं कुठली एक मागणी शेवटपर्यंत लावून धरली. उत्तरं बरी असतील तर वर्गणी भरा आणि एखाद्या समितीची जबाबदारी मागून घ्या. वित्त समितीत बहुतेक ठिकाणी जागा रिकामी असते, तिथे कोणी उत्सुक नसतं. उत्तरं रिकामी असतील तर दोष कोणाचा हे शोधत बसू नका. तीच वर्गणी सीडीएफआयला देणगी म्हणून द्या, शहरातल्या दुसऱ्या संघटनेच्या बैठकीला जा, आणि ज्या पाच-सहा मालकांशी ओळख झाली त्यांच्याकडची ऑर्डर मात्र चालू ठेवा.